निर्णयाचा अधिकार आणि वेळेचे दारिद्र्य : सिरोंचा परिसराच्या संदर्भात ‘काम-कुटुंब समतोल’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

स्त्री-पुरुष समानतेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध करून स्त्रीला एक माप आणि पुरुषाला दुसरे माप लावणाऱ्या समाजव्यवस्थेवर बोट ठेवले. त्यानंतरच्या शतकभरात शिक्षण, मतदान, वारसा व राजकीय प्रतिनिधित्व या क्षेत्रांत कायद्याने बरीच मजल मारली. महाराष्ट्र शासनाने १९९४ मध्ये पहिले महिला धोरण जाहीर केले. २००१, २०१४ आणि २०२४ मध्ये पुढील धोरणे आली. या सर्व शासकीय व अकादमिक चर्चेत दोन शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतात. एक म्हणजे ‘निर्णयप्रक्रियेतील सहभाग’ आणि दुसरा म्हणजे ‘काम व कुटुंब यांतील समतोल’. सामान्यतः या दोन गोष्टींची चर्चा स्वतंत्र प्रकरणांत होते. पहिल्या गोष्टीचे मोजमाप राखीव जागांच्या संख्येने केले जाते, तर दुसरीचे रजेच्या दिवसांनी.

हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःचा वेळ नाही तिच्या हाती निर्णय येऊ शकत नाही. आणि जिच्या हाती निर्णय नाही तिला स्वतःच्या वेळेची वाटणी बदलता येत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. या भूमिकेची तपासणी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील सिरोंचा परिसराच्या संदर्भात करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. नागरी, पगारदार स्त्रीच्या अनुभवातून घडलेली ‘समतोल’ ही संकल्पना वनप्रदेशातील श्रमिक स्त्रीला कितपत लागू पडते, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न होय.

परिसराची पार्श्वभूमी

सिरोंचा हे प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेले तालुक्याचे ठिकाण. याच तालुक्यात सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीला मिळते. १८६० मध्ये निजामाकडून ब्रिटिशांकडे आलेल्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा करण्यात आला व सिरोंचा हे त्याचे मुख्यालय झाले. १८७४ मध्ये हा जिल्हा चांदा जिल्ह्यात विलीन झाला. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. एके काळी जिल्ह्याचे ठिकाण असलेले सिरोंचा आज जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर आहे. निर्णयाची केंद्रे दूर जाणे हा या भूमीचा ऐतिहासिक अनुभव आहे.

नदीपलीकडे तेलंगणा व छत्तीसगड ही राज्ये आहेत. घरात व बाजारात तेलुगू, जंगलपट्ट्यातील गावांत माडिया व गोंडी आणि कचेरीत मराठी, असा येथील भाषाव्यवहार आहे. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे पंचायत विस्तार (अनुसूचित क्षेत्रे) अधिनियम, १९९६ म्हणजेच ‘पेसा’ येथे लागू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या. त्याच वेळी राज्याचे प्रमाण ९२९ होते. साक्षरतेत मात्र पुरुष सुमारे ८२ टक्के व स्त्रिया सुमारे ६६ टक्के असे अंतर होते. मुलीला जन्म नाकारण्याचे प्रमाण येथे प्रगत जिल्ह्यांपेक्षा कमी आहे, परंतु जन्मलेल्या मुलीला अक्षर देण्यात हा प्रदेश मागे राहिला, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ लावता येतो. कागद ज्याला वाचता येतो त्याच्याकडे निर्णय सरकतो, हे लक्षात घेता दुसऱ्या आकड्याचे महत्त्व अधिक आहे.

‘समतोल’ या शब्दातील गृहीतके

‘काम आणि कुटुंब यांचा समतोल’ ही कल्पना तीन गृहीतकांवर उभी आहे. पहिले गृहीतक असे की, काम घराबाहेर असते आणि कुटुंब घरात. दोहोंमध्ये स्पष्ट सीमारेषा आहे. दुसरे असे की, कामाची वेळ ठरलेली असते, त्यामुळे उरलेला वेळ कुटुंबाचा मानता येतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे गृहीतक न उच्चारता राहते. ते म्हणजे समतोल साधण्याची जबाबदारी स्त्रीची आहे. पुरुषाच्या संदर्भात हा शब्द क्वचितच वापरला जातो. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये नोकरदार स्त्रीच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ असे नाव दिले. ते विश्लेषण मोलाचे असले, तरी त्यातही पहिली पाळी संपल्याचा भोंगा गृहीत धरलेला आहे.

सिरोंचा परिसरातील श्रमिक स्त्रीच्या दिवसाला असा भोंगा नाही. सरपण आणणे हे घरकाम की वनोपज संकलन? मोहफुले वेचून ती अंगणात वाळवणे हे कुटुंबाचे काम की उत्पन्नाचे? पाठीवर मूल बांधून धानाची रोवणी करणारी स्त्री त्या क्षणी कामावर असते की बालसंगोपन करीत असते? येथे काम व कुटुंब ही तराजूची दोन पारडी नसून एकाच दिवसात विणलेले ताणे-बाणे आहेत. त्यामुळे दोहोंत तोल साधण्याचा सल्ला येथे निरर्थक ठरतो. खरा प्रश्न ‘हा एकूण भार कोणामध्ये आणि कोणाच्या निर्णयाने वाटला जातो’ हा आहे.

दिवसाचा हिशेब

वेळेच्या वाटणीविषयी आता राष्ट्रीय पातळीवर आकडेवारी उपलब्ध आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया कुटुंबासाठी विनामोबदला घरकाम करीत होत्या. पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे असे आले. स्त्रियांची मिनिटे दहाने कमी झाली म्हणून समाधान मानावे, तर पुरुषांची मिनिटेही जवळपास तितकीच घटली आहेत. म्हणजे स्त्रीचा भार जो थोडा हलका झाला तो गॅस, नळ वा यंत्र यांमुळे असू शकेल; पुरुषाने तो उचलल्याचा पुरावा या सरासरीत दिसत नाही.

राष्ट्रीय सरासरीत ऋतू दिसत नाहीत. वनप्रदेशात मात्र वेळेचे दारिद्र्य ऋतूनुसार तीव्र होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे वेचावी लागतात, कारण उशीर झाला तर ती जनावरे खातात. पाठोपाठ एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पाने पहाटे तोडायची, उन्हे चढण्यापूर्वी घरी आणायची, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. एका प्रमाण गोणीसाठी असे एक हजार पुडे, म्हणजे सत्तर हजार पाने लागतात. पाने तोडण्यात व पुडे बांधण्यात स्त्रिया आणि मुले यांचा वाटा मोठा असतो. फळीवरील मोजणी, फळी मुन्शीशी होणारी घासाघीस आणि हिशेबाचे कार्ड ही मात्र बहुधा कुटुंबप्रमुखाची बाजू मानली जाते. हंगाम संपल्यावर मजुरी व बोनस कोणाच्या नावे जमा व्हावा हा तपशील किरकोळ वाटतो. परंतु घरातील निर्णयाची सत्ता नेमकी याच तपशिलात साठलेली असते.

तेंदूच्या आधी, जानेवारीपासून, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा असे अनेक मजूर सीमेपलीकडे अडकले व कित्येकांनी पायी परतीची वाट धरली. मिरची तोडणीत स्त्रियांच्या हातांना मागणी असते. अशा स्थलांतरात चूल सोबत जाते, मूलही सोबत जाते. गावातील ग्रामसभा मात्र मागे राहते. वर्षाच्या आरंभीचे हे महिने म्हणजे ग्रामपंचायतीच्या आर्थिक वर्षअखेरीचे व नव्या वर्षाच्या नियोजनाचे महिने होत, हेही येथे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

अमर्त्य सेन यांनी कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष यांचे एकत्रित क्षेत्र असे केले आहे. कोणाचे योगदान कुटुंबाला मोलाचे ‘वाटते’ यावर घरातील सौदाशक्ती अवलंबून असते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. तेंदूच्या पुड्यांचे उदाहरण या मांडणीला जुळते. पाने तोडण्याचे श्रम दिसेनासे होतात आणि कार्डावरील नाव तेवढे दिसते.

राखीव जागा : खुर्ची मिळाली, वेळ मिळाला का?

महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हे प्रमाण देशभर किमान एक तृतीयांश केले, तर २०११ मध्ये महाराष्ट्राने ते ५० टक्क्यांवर नेले. या तरतुदीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले की, जेथे सरपंचपद स्त्रीसाठी राखीव होते तेथे स्त्रियांच्या गरजांशी निगडित कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, अधिक गुंतवणूक झाली. पाण्याची सोय जवळ येणे म्हणजे स्त्रीच्या दिवसातील काही वेळ मोकळा होणे. प्रतिनिधित्वाचा वेळेशी असलेला हा थेट संबंध होय.

तथापि खुर्ची देणारा कायदा खुर्चीवर बसण्यासाठी लागणारा वेळ देत नाही. सरपंच झालेल्या स्त्रीच्या वाट्याची चूल, पाणी, धुणे, मुले व शेतमजुरी यांपैकी काहीही तिच्या निवडीमुळे दुसऱ्याकडे जात नाही. सिरोंचासारख्या तालुक्यात पंचायत समितीची बैठक म्हणजे एक पूर्ण दिवस आणि जिल्हा परिषदेचे काम म्हणजे दोन दिवस. शेवटची बस कोणती, रात्री मुक्काम कोठे, मुलांना कोण जेवू घालणार, हे प्रश्न पुरुष सदस्याच्या बाबतीत घरातून परस्पर सुटलेले असतात. स्त्री सदस्याच्या बाबतीत ते तिनेच सोडवून मग बैठकीला जायचे असते. अशा स्थितीत पती, दीर वा मुलगा ‘तिच्या वतीने’ जाऊ लागतो. ‘सरपंचपती’ या प्रकाराची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु तो केवळ पुरुषी सत्तालालसेचा किंवा स्त्रीच्या भित्रेपणाचा परिणाम मानला, तर त्यामागील वेळेचे अर्थकारण नजरेआड होते. ज्या घरात कामाची वाटणी बदलत नाही त्या घरात पदाचीच वाटणी होते.

यात भाषेची भर पडते. कार्यवृत्त, अंदाजपत्रक, परिपत्रके मराठीत असतात. शाळेत व बाजारात वावर अधिक असल्याने तेलुगू वा माडिया भाषक पुरुषाला कामापुरती मराठी येते. घर, शेत व जंगल या त्रिकोणात फिरणाऱ्या स्त्रीला ती तितकी अवगत असतेच असे नाही. परिणामी सभेत ती उपस्थित असते, पण सभा तिच्या भाषेत भरत नाही.

दोन अपत्यांची अट : कुटुंबाचा निर्णय, शिक्षा स्त्रीला

काम, कुटुंब व सार्वजनिक निर्णय यांची सांगड कायद्याने प्रत्यक्ष घातल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. त्याची समीक्षा मात्र पुरेशी झालेली नाही. ग्रामपंचायत अधिनियमातील तरतुदीनुसार १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास संबंधित व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. हरियाणातील अशाच तरतुदीची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद खटल्यात मान्य केली. असे असूनही स्वतः हरियाणासह मध्य प्रदेश, छत्तीसगड व हिमाचल प्रदेश या राज्यांनी ही अट नंतर मागे घेतली, तर आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ती रद्द केली. महाराष्ट्रात ती कायम राहिली आहे.

ही तरतूद शब्दशः स्त्री व पुरुष दोघांनाही समान लागू आहे. परंतु अपत्यांची संख्या ठरविण्याचा अधिकार दोघांना समान असेल तरच ही समानता खरी ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर अवलंबून असल्याचे आढळले. पुरुष-नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. कुटुंबनियोजनाचा भार जवळपास पूर्णतः स्त्रीच्या शरीरावर आहे, पण ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार बहुधा पती व सासर यांच्याकडे आहे. मुलगा होईपर्यंत वाट पाहण्याचा आग्रह जिथे घरातून येतो, तिथे तिसऱ्या अपत्याची शिक्षा म्हणून स्त्रीचे पद जाणे हा दुहेरी अन्याय ठरतो. जो निर्णय तिने घेतला नाही, त्याच्यासाठी ती निर्णयप्रक्रियेबाहेर फेकली जाते. लोकसंख्यानियंत्रणाचे उद्दिष्ट कितीही स्तुत्य मानले, तरी त्याची किंमत स्त्रीच्या राजकीय अधिकारातून वसूल करणे समर्थनीय ठरत नाही.

स्त्रीच्या शरीराविषयीचे निर्णय किती काळ दुर्लक्षित राहिले, याचा जागतिक पातळीवर गाजलेला पुरावा गडचिरोली जिल्ह्यातूनच पुढे आला होता. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले आणि केवळ ८ टक्के स्त्रियांची यापूर्वी कधी तशी तपासणी झालेली होती. दुखणे होते, पण ते दाखविण्याचा वेळ, पैसा, संमती आणि शब्द यांपैकी काही ना काही नव्हते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा केवळ वैद्यकीय निष्कर्ष नसून निर्णयाधिकाराच्या अभावाचे मोजमाप आहे.

वनहक्क आणि ग्रामसभा : उपस्थितीचे गणित

वनहक्क अधिनियम, २००६ हा लिंगभावाच्या दृष्टीने तुलनेने सजग कायदा आहे. विवाहित व्यक्तींच्या बाबतीत वैयक्तिक वनहक्क पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे नोंदविण्याची तरतूद त्यात आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीत उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. शिवाय ग्रामपंचायत अधिनियमात २००३ मध्ये झालेल्या सुधारणेने ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे बंधनकारक केले. कागदावर यापेक्षा अधिक काय मागावे, असा प्रश्न पडावा अशी ही चौकट आहे.

याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने या चौकटीचा अर्थ कायद्यापूर्वीच जगून दाखविला. सर्वसहमतीने निर्णय, अभ्यासगट आणि प्रत्येक घरातून स्त्री व पुरुष दोघांची उपस्थिती ही या ग्रामसभेची वैशिष्ट्ये अभ्यासकांनी नोंदविली आहेत. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे संकलन व विक्री आपल्या हाती घेतली. ग्रामसभेकडे आता केवळ ठराव नव्हे तर पैसाही येऊ लागला. आणि जेथे पैसा येतो तेथे निर्णयासाठीची स्पर्धा वाढते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

बीना अग्रवाल यांनी सामूहिक वनव्यवस्थापनाच्या अभ्यासातून ‘सहभागात्मक बहिष्करण’ ही संकल्पना २००१ मध्ये मांडली. संस्था सर्वांसाठी खुली असते, परंतु नियम, वेळ, रूढी व घरकाम यांमुळे स्त्रिया आपोआप बाहेर राहतात, असा तिचा आशय आहे. गुजरात व नेपाळमधील त्यांच्या पुढील अभ्यासात असे दिसले की, कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतके झाल्यावर त्यांची उपस्थिती व बोलणे परिणामकारक होऊ लागते. या निष्कर्षाच्या प्रकाशात वनहक्क नियमांतील एक तृतीयांशाची अट शास्त्रीय आधाराची आहे. परंतु संख्येचा हा उंबरठा गाठण्यासाठी सभा कोणत्या वेळी भरते हे निर्णायक ठरते. तेंदूच्या हंगामात सायंकाळी फळीच्या वेळी, किंवा रोवणीच्या दिवसांत दुपारी बोलावलेली सभा स्त्रियांना बंद नसते. ती त्यांना फक्त शक्य नसते. गणपूर्तीसाठी नंतर घरोघर फिरवल्या जाणाऱ्या वहीवर उमटलेला अंगठा ही उपस्थिती कायद्याला पुरेशी वाटेल, निर्णयप्रक्रियेला मात्र तिचा काही उपयोग नाही.

जमिनीच्या प्रश्नात ही उणीव अधिक टोचते. गोदावरीवरील मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले. त्याच्या पाणलोटाचा व संपादनाचा प्रश्न सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. अशा प्रसंगी शासनाचा संवाद सातबारावरील नावाशी होतो. त्या शेतात राबणारी स्त्री सातबारावर नसेल, तर ती नोटिशीत नसते, सुनावणीत नसते आणि मोबदल्यातही नसते. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’च्या रूपाने पत्नीच्या नावे जमीन करण्याचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्याची गरज नदीकाठच्या या गावांना आजही आहे.

दारूबंदी : वेळ नसलेल्या स्त्रियांनी काढलेला वेळ

वेळेच्या अभावामुळे स्त्रिया सार्वजनिक निर्णयांत उतरत नाहीत असे म्हटले, तर गडचिरोलीचा दारूमुक्तीचा लढा त्याला उत्तर म्हणून पुढे येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या आंदोलनात गावोगावच्या स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूर ते नागपूर पदयात्रा काढली. तेथे १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. म्हणजे घरातील प्रश्न जेव्हा जगण्यावर येतो तेव्हा स्त्रिया शेत, चूल व मजुरी सोडून रस्त्यावर येतात.

परंतु या उदाहरणाचा उत्तरार्धही वाचला पाहिजे. चंद्रपूरची दारूबंदी मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उठविली. दारूबंदीच्या परिणामकारकतेविषयी मतभेद असू शकतात. अवैध विक्री, सीमेपलीकडून येणारा माल आणि महसूल हे मुद्दे गंभीर आहेत व सिरोंचासारख्या सीमावर्ती तालुक्यात ते अधिकच जाणवतात. येथील मुद्दा वेगळा आहे. ज्या निर्णयासाठी हजारो स्त्रिया पायी चालल्या, तो मागे घेताना त्या स्त्रियांचे मत अजमावण्याची कोणतीही बंधनकारक व्यवस्था नव्हती. आंदोलन करून निर्णय घडविणे आणि निर्णयप्रक्रियेत स्थान असणे यांतील फरक या घटनेने स्पष्ट केला. आंदोलन हा स्त्रीच्या वेळेवरचा आणखी एक भार असतो, प्रक्रिया मात्र तिला तो वेळ परत देऊ शकते.

‘आदिवासी समाजात समानता आहेच’ : एका समजाची तपासणी

वनप्रदेशातील स्त्रीविषयी अभ्यासकांत एक उलट समजही रूढ आहे. आदिवासी समाजात स्त्री मुळातच स्वतंत्र असते, त्यामुळे समानतेचा प्रश्न बाहेरून आणलेला आहे, असे म्हटले जाते. माडिया-गोंड समाजात जोडीदार निवडण्याचे, नको असलेला संसार सोडण्याचे, बाजारहाट करण्याचे स्वातंत्र्य स्त्रीला अनेक सवर्ण जातींतील स्त्रीपेक्षा अधिक राहिले आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र फिरण्याचे स्वातंत्र्य म्हणजे निर्णयाचा अधिकार नव्हे. गायता, भूमिया, पाटील ही गावातील मानाची व निवाड्याची स्थाने परंपरेने पुरुषांकडे आहेत. वारसाहक्काच्या बाबतीत तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे १९९४ ची महाराष्ट्राची व २००५ ची केंद्राची सुधारणा आदिवासी मुलीपर्यंत पोहोचली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात स्त्रीच्या वारसांना समान वाटा मान्य केला, तो समतेच्या घटनात्मक तत्त्वाच्या आधारे. परंपरेचा गौरव करताना तिच्यातील पुरुषसत्ता झाकली जाऊ नये आणि तिच्यावर टीका करताना तिच्यातील मोकळेपण नाकारले जाऊ नये, असा दुहेरी विवेक अभ्यासकाला येथे बाळगावा लागतो.

सेवेतील स्त्री : रजेच्या मर्यादा

‘समतोल’ साधण्यासाठी शासनाने केलेल्या तरतुदी मुख्यतः संघटित सेवेसाठी आहेत. २०१७ च्या सुधारणेने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली व पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. सिरोंचासारख्या दुर्गम ठिकाणी नेमणूक झालेल्या शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका व प्राध्यापिका यांना या तरतुदींचा आधार निश्चितच मिळतो. तरीही बालसंगोपन रजा स्त्रीलाच देण्यामागे संगोपन हे तिचेच काम, हे जुने गृहीतक शाबूत राहते. पुरुष कर्मचाऱ्याला ती केवळ पत्नी हयात नसल्यास किंवा अंथरुणास खिळलेली असल्यासारख्या अपवादात्मक स्थितीत मिळावी, यात समतेपेक्षा नाइलाजाचा स्वीकार अधिक आहे.

याच गावांत शासनाचे आरोग्य व पोषण प्रत्यक्ष चालविणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविका यांची स्थिती आणखी विचार करायला लावणारी आहे. त्यांच्या मोबदल्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हटले जाते, कामाला ‘सेवा’ म्हटले जाते. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे, हे मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. घरात स्त्रीचे श्रम ‘प्रेमा’च्या नावाने विनामूल्य ठरतात आणि घराबाहेर तेच श्रम ‘सेवे’च्या नावाने अल्पमूल्य ठरतात. म्हणजे शासनसंस्थेनेही कुटुंबसंस्थेचाच हिशेब स्वीकारलेला दिसतो. तेंदू तोडणाऱ्या वा मिरची तोडणाऱ्या स्त्रीपर्यंत तर यांपैकी कोणतीच रजा पोहोचत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्याची सोय करण्याची तरतूद होती. ती गंभीरपणे राबविली गेली असती तर वनप्रदेशातील स्त्रीसाठी तोच खरा ‘समतोल’ ठरला असता.

निष्कर्ष

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, ‘काम-कुटुंब समतोल’ ही संकल्पना सिरोंचासारख्या परिसराला जशीच्या तशी लागू करणे म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच चुकविणे होय. येथे स्त्रीच्या जीवनात काम व कुटुंब अशी दोन क्षेत्रे नाहीत. आहे तो एक अखंड श्रमदिवस, आणि त्याची वाटणी करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. त्यामुळे समतोल शिकविण्याऐवजी वाटणी बदलणे हे धोरणाचे लक्ष्य असावयास हवे.

या दृष्टीने काही बदल अगदी साधे व अल्पखर्चिक आहेत. ग्रामसभेची वेळ व ऋतू महिला सभेने ठरवावा. सभेचे कामकाज तेलुगू, माडिया वा गोंडीत समजावून सांगितल्याची नोंद कार्यवृत्तात असावी. तेंदूपत्त्याचे कार्ड वनहक्काच्या दाव्याप्रमाणेच पती-पत्नी दोघांच्या नावे असावे आणि मजुरी व बोनस स्त्रीच्याही खात्यावर जमा व्हावा. संकलनाच्या हंगामात ग्रामसभेच्या उत्पन्नातून मुलांच्या सांभाळाची व्यवस्था व्हावी. दोन अपत्यांची अट स्त्री उमेदवारांच्या संदर्भात तरी फेरविचारार्थ घ्यावी. यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नव्या कायद्याची नव्हे, तर असलेल्या कायद्याच्या वाचनातील बदलाची आवश्यकता आहे.

महाविद्यालयीन अध्यापनक्षेत्राचीही येथे जबाबदारी आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झाल्यापासून या परिसरातील ज्ञाननिर्मितीचे केंद्र जिल्ह्यात आले आहे. गाव, ऋतू व भाषा यांनुसार स्त्री-पुरुषांच्या वेळेच्या नोंदी घेणे हे समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना सहज शक्य असलेले संशोधन आहे. राष्ट्रीय सरासरीतील २८९ आणि ८८ मिनिटांच्या मागे सिरोंचाच्या स्त्रीचे एप्रिलमधील पहाटेचे तास कोठेच दिसत नाहीत. ते मोजले गेले तरच ग्रामसभेच्या कार्यवृत्तात तिच्या अंगठ्याबरोबर तिचे मतही नोंदविले जाण्याची शक्यता निर्माण होईल.